तबकड्यांचे दप्तर सांभाळणारे कॅप्टन

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की ऐकणारे एकतर हसतात, नाहीतर भारावून जातात. १९५१ मध्ये अमेरिकी हवाई दलाने या विषयाचे दप्तर ज्यांच्या हाती सोपवले, ते कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट या दोहोंपैकी कशातच मोडत नव्हते.

आयोवा राज्यात १९२३ साली जन्मलेले रुपेल्ट दुसर्‍या महायुद्धात बी-२९ बॉम्बफेकी विमानांच्या ताफ्याबरोबर भारतातही येऊन गेले होते. युद्धानंतर त्यांनी विमानविद्येची पदवी घेतली, तोच कोरियातील युद्धामुळे त्यांना पुन्हा सेवेत बोलावणे आले.

डेटन येथील तळावर त्यांच्या वाट्याला आला तो मरगळलेला ‘प्रोजेक्ट ग्रज’. केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने १९४७ मध्ये नऊ विचित्र वस्तू पाहिल्यापासून अशा वार्तांचा ओघ सुरू होता. पण आधी निष्कर्ष आणि मग चौकशी, अशी तिथली रीत पडली होती. रुपेल्ट यांनी ती मोडली. साक्षीदारांसाठी एकसारखी प्रश्नावली तयार करवून घेतली, खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांच्या सल्ल्याचा उपयोग केला. ठाम मत बनवून बसलेले सहकारी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, त्यांनी दूर केले. मार्च १९५२ मध्ये या कामाला ‘ब्लू बुक’ हे नाव मिळाले. ‘तबकडी’ म्हटले की आकार आधीच ठरून जातो. म्हणून त्यांनी ‘यूएफओ’, म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू, ही संज्ञा रूढ केली. ठाऊक नाही, असे सरकारी कागदावर लिहिण्याची सोय त्यामुळे झाली. सरकारी दप्तरात ही सोय सहसा नसते!

जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनाकलनीय खुणा उमटल्या. रुपेल्ट तेव्हा राजधानीत होते, तरी ही वार्ता त्यांना वृत्तपत्रातून कळली. चौकशीसाठी फिरायला सरकारी मोटारही मिळाली नाही, तेव्हा ते तसेच डेटनला परतले. उष्ण हवेच्या थरामुळे रडार फसले, असा खुलासा वरिष्ठांनी केला. रुपेल्ट यांचे त्याने समाधान झाले नाही.

जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने नेमलेल्या रॉबर्टसन समितीने जनतेचे कुतूहल शमवण्यावर भर दिला. त्याच वर्षी रुपेल्ट यांनी ‘ब्लू बुक’ सोडले. १९५६ मध्ये त्यांनी या कामाचा वृत्तान्त ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या १९६० च्या आवृत्तीत जोडलेली तीन प्रकरणे मात्र नकाराकडे झुकलेली होती. हे मतपरिवर्तन दबावामुळे झाले की अनुभवाने, यावर वाद होत राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

‘ब्लू बुक’ १९६९ मध्ये बंद झाले. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींपुढे ओळख न पटल्याचा शेरा तसाच राहिला.