बर्था बेंझ व मोटारीचा पहिला लांबचा प्रवास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही कांहीं विद्यार्थी डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्यानें जात असतां एका लहानशा गॅरेजपाशीं थांबलों. तेथें एक जुनी मोटार दुरुस्तीस आली होती. रस्त्यावर धांवतांना ती फारशी कुरकुर करीत नसे; परंतु उभी करून इंजिन नुसतें चालूं ठेवलें, कीं तिचें सर्वांग थरथरूं लागे आणि मधूनमधून इंजिन बंदही पडे. मेस्त्रींनीं प्रथम हत्याराला हातच लावला नाहीं. ते कांहीं वेळ नुसते कान देऊन उभे राहिले. मग चार सिलिंडरांच्या प्लगांच्या वायरी त्यांनीं एकामागून एक काढून पाहिल्या. तीन वायरींच्या वेळीं इंजिनाची चाल आणखी बिघडली. चौथी काढली तेव्हां मात्र कांहींच फरक पडला नाहीं. जो मुळांत कामच करीत नाहीं, त्याच्या जाण्यानें काय बिघडणार? रोगी सिलिंडर सांपडला.

प्लग बदलल्यावर थरथर पुष्कळ कमी झाली, पण गेली नाहीं. तेव्हां मेस्त्रींनीं कार्ब्युरेटर उघडून त्यांतील एक इवलासा जेट काढला व हवेनें फुंकून स्वच्छ केला. मंद चालींत इंजिनास पेट्रोल इतकें थोडें लागतें, कीं त्या बारीक छिद्रांत कणभर कचरा अडकला तरी पुरतो; वेगांत असतां पेट्रोल दुसऱ्या मोठ्या वाटेनें येतें, म्हणून तेथें हा दोष झांकला जातो. जेट बसविल्यावर इंजिन शांतपणें चालूं लागलें.

एक दोष ठिणगीचा आणि एक इंधनाचा. घरीं परततांना आम्हांस एका बाईंची आठवण झाली. हीच दोन दुखणीं त्यांनीं १८८८ सालीं भर रस्त्यांत, गॅरेज नांवाची वस्तूच जगांत नसतांना, अंगावरील वस्तूंनीं दूर केलीं होतीं. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजीं जर्मनींतील फोर्ट्सहाइम या गांवीं झाला. वडील सुतारकामाच्या व्यवसायांत सधन झालेले होते. पुन्हां मुलगीच झाल्याबद्दलची खंत वडिलांनीं घरच्या बायबलांत जन्मनोंदीपाशीं लिहून ठेविली होती, व ती पुढें बर्थाबाईंच्या वाचनांत आली, असें सांगतात. कार्ल बेंझ या निर्धन पण हुशार इंजिनियराशीं त्यांचा विवाह ठरला. कार्लचा भागीदार कामाचा नव्हता, आणि त्यास दूर करण्यास कार्लजवळ पैसा नव्हता. तेव्हां बर्थाबाईंनीं विवाहापूर्वींच आपला हुंडा वडिलांकडून मागून घेतला व १८७१ सालीं त्या पैशानें कारखाना मोकळा केला. विवाह झाला २० जुलै १८७२ रोजीं. म्हणजे धन आधीं यंत्रांत गेलें आणि संसार मागाहून आला!

पुढील कांहीं वर्षें ओढगस्तीचीं गेलीं. १८७९ च्या अखेरच्या रात्रीं जेवणानंतर बर्थाबाईंनींच आग्रह धरला, कीं न चालणारें तें इंजिन एकदां पुन्हां पाहूं या. आणि त्या रात्रीं तें चाललें. २९ जानेवारी १८८६ रोजीं तीनचाकी मोटारगाडीचें पेटंट दाखल झालें. त्यावर नांव अर्थातच एकट्या कार्लचें होतें.

या गाडीचें इंजिन एका सिलिंडरचें असून, मागचें आडवें चाक हातानें फिरवून तें सुरू करावें लागे. एका दांड्यानें पट्टा मोकळ्या चाकावर सरकविला, कीं गाडी उभी राही व इंजिन नुसतें चालत राही. डोंबिवलीच्या त्या गाडीची थरथर ज्या अवस्थेंत दिसली, तीच ही अवस्था. गाडी उत्तम होती, पण घेण्यास कोणी पुढें येईना. कार्ल स्वभावानें सावध; यंत्र निर्दोष झाल्याखेरीज तें लांब नेण्यास त्यांचें मन धजेना. लांब नेल्याखेरीज दोष कळावे कसे, हा विचार मात्र त्यांच्या पत्नीनें केला.

ऑगस्ट १८८८ मध्यें एके पहाटे पति निद्रिस्त असतां, पंधरा वर्षांचा ऑयगेन व चौदावें वर्ष चालूं असलेला रिखार्ड या मुलांस घेऊन त्या मानहाइमहून माहेरीं निघाल्या. अंतर सुमारें १०६ किलोमीटर. ठाण्याहून लोहमार्गानें इगतपुरी साधारण इतकीच दूर आहे. ठाण्यास आगगाडी येऊन तेव्हां पस्तीस वर्षें लोटलीं होतीं. परंतु मोटारीनें इतका प्रवास तोंवर कोणीं केला नव्हता.

वाटेंत इंधन संपत आलें. वीसलोख येथील औषधविक्रेत्याकडून, कपड्यांचे डाग काढण्यासाठीं विकलें जाणारें लिग्रोईन घेऊन त्यांनीं टांकी भरली. तापलेल्या इंजिनासाठीं जागोजाग पाणी ओतावें लागे. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाबाईंनीं टोपीच्या लांब पिनेनें मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. साखळी सैल झाली, तेव्हां लोहार गांठला. उतारावर लांकडी ब्रेक झिजूं लागले, तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची ही पहिली वेळ मानली जाते. चढावर गाडीचें बळ अपुरें पडे आणि मुलांस उतरून ढकलावें लागे. कसाऱ्याच्या घाटांत गाडीला जादा इंजिनें जोडलेलीं ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस त्या मुलांचें काम समजेल.

पिनेची व मोज्याच्या बंदाची ही हकीगत पुष्कळदां गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती गंमत वाटत नाहीं. बंद पडलेलें इंजिन आपण होऊन कारण सांगत नाहीं. इंधन न आलें तरी तें थांबतें आणि ठिणगी न पडली तरी थांबतें. नळी व वायर यांतील दोषी कोण, हें ओळखल्यावरच पिनेचा उपयोग. हुंडा ज्यांत घातला, तें यंत्र बर्थाबाईंस आंतून ठाऊक होतें.

सायंकाळीं फोर्ट्सहाइमला पोहोंचल्यावर त्यांनीं पतीस तार केली. कांहीं दिवसांनीं त्याच गाडीनें परतल्या, त्या दोषांची यादी घेऊनच. चढासाठीं आणखी एक गियर हवा, ही त्यांतील मुख्य सूचना. ती कार्लनीं मानली. त्याच वर्षीं म्युनिकच्या प्रदर्शनांत गाडीस सुवर्णपदक मिळालें व पुढें मागणीही येऊं लागली.

कार्ल बेंझ ४ एप्रिल १९२९ रोजीं लाडेनबुर्ग येथें वारले. बर्थाबाई तेथेंच राहिल्या. ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेंत कार्ल शिकले होते, तिनें बर्थाबाईंच्या ९५ व्या वाढदिवशीं त्यांस सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. त्यानंतर दोनच दिवसांनीं, ५ मे १९४४ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. मानहाइम-फोर्ट्सहाइम मार्गास २००८ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. त्यावरील वीसलोखचें तें औषधालय जगांतील पहिला पेट्रोलपंप म्हणून ओळखलें जातें.