वकीलपत्राचा प्रश्न : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

अकोट्याहून शहराकडे निघाले की विश्वामित्रीवरील पूल ओलांडताच दांडिया बाजार लागतो. पुलावर आता सौर पट्ट्यांचे छत आले आहे. पलीकडच्या जुन्या वस्तीत मात्र मराठी बोल अजून कानी पडतात. अकोट्याला स्वतःचा फार जुना इतिहास आहे. अंकोट्टक या नावाने हे गाव एके काळी ओळखले जाई, आणि येथे सापडलेल्या जैन धातुमूर्तींनी पंडितांचे लक्ष वेधून घेतले. तथापि शताब्दी ग्रंथासाठी काही लिहावे अशी सूचना झाली तेव्हा माझ्या मनात आले ते एक गृहस्थ. ते बडोद्याचे नव्हते, येथे स्थायिकही झाले नाहीत. पण बडोद्याच्या साह्यावाचून त्यांच्या आयुष्याला जे वळण लागले ते लागते ना. आणि ज्यांनी पुढे त्यांच्या कार्याला सर्वांत अवघड प्रश्न विचारला, तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेले होते.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. घर वारकरी, पंगतीला जातपात न पाहण्याचा वारसा वडील रामजीबाबांकडून मिळालेला. धाकटी बहीण जनाक्का सासरी नांदू शकली नाही, तेव्हा तिला माहेरच्या कोपऱ्यात बसवून न ठेवता शिकवायचे, असा हट्ट या भावाने धरला. पुढे तीच जनाबाई त्यांच्या सर्व कार्यात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. महर्षींच्या चरित्रकथनात या माउलीला मिळते त्याहून पुष्कळ अधिक जागा मिळावयास हवी, असे मला नेहमी वाटते.

फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना पैशाची चणचण पाठीस लागलेली होती. त्या काळात श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. १८९८ मध्ये ते पदवीधर झाले, प्रार्थना समाजाचे सभासद झाले. कायद्याचा अभ्यास आरंभला आणि सोडूनही दिला. वकील होण्याचे त्यांनी टाळले खरे. पण उभा जन्म त्यांनी वकिलीच केली, तीही वकीलपत्र न घेता. १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर महाविद्यालयात तौलनिक धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा प्रवासाच्या खर्चाला पुन्हा बडोदेच धावून आले. दोन वर्षे ते विलायतेत होते. ग्रंथालयात जितका वेळ गेला तितकाच तेथील गरिबांच्या वस्त्यांतून चाललेले सेवाकार्य पाहण्यातही गेला असावा, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणावेसे वाटते. १९०३ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत निबंध वाचून ते मायदेशी परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

राज्याच्या नोकरीत ते आले नाहीत, याचा महाराजांनी राग धरला नाही. उलट त्यांना बडोद्यास बोलावून घेऊन संस्थानातील अंत्यजांच्या शाळा तपासण्यास सांगितले. या शाळा येथे १८८० नंतर लवकरच निघाल्या होत्या. उच्चवर्णीय शिक्षक तेथे जावयास राजी नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागत. शिंदे यांनी त्या शाळा पाहिल्या आणि आपला अभिप्राय महाराजांना दिला. राज्यकर्त्यापुढे दुर्बलांची बाजू मांडण्याचा त्यांचा हा आरंभीचाच अनुभव. समोरचा राज्यकर्ता ऐकून घेणारा होता आणि हुकूम काढण्याची सत्ता त्याच्या एकट्याच्या हाती होती. पुढे ब्रिटिश हद्दीत काम करताना असे भाग्य वारंवार लाभावयाचे नव्हते.

१९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे महार मंडळींच्या सभेला ते गेले, आणि याच कामाला वाहून घ्यावयाचे असा निश्चय करून परतले. १८ ऑक्टोबर १९०६, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, ही संस्था स्थापन झाली. अध्यक्षपद न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर यांच्याकडे होते. शाळेमागून वसतिगृह आले, हस्तव्यवसायाचे वर्ग आले, आजाऱ्यांची शुश्रूषा आली. शिंदे यांचे वृद्ध आईवडील, पत्नी व बहिणी, सारे कुटुंबच या कामात ओढले गेले. पुण्याच्या शाखेला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी वीस हजार रुपये दिले आणि तेथे अहल्याश्रम उभा राहिला. हे सर्व सुपरिचित आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

त्यामानाने कमी परिचित आहे ती या संस्थाचालकाची दुसरी खटपट. शाळा कितीही काढल्या तरी त्या सहस्रांत एकाला पुरणार. कायदा आणि सरकारी तिजोरी हलल्याशिवाय कोट्यवधींचा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले. म्हणून त्यांनी खानेसुमारीचे अहवाल चाळून अस्पृश्यांची संख्या, त्यांच्या जाती, त्यांचे धंदे यांचा हिशेब मांडला. आज सामाजिक संस्थांचे प्रतिनिधी आमदारांकडे जाताना आकड्यांचे कागद हाती घेऊन जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती रीत पडलेली नव्हती. खंडोबाला मुली वाहण्याच्या, मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्धही त्यांनी लोकमत जागे केले आणि सरकारचे दार ठोठावले. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला तो १९३४ मध्ये, एवढ्यावरून हे दार किती जड होते याची कल्पना यावी.

दुसरे जड दार राष्ट्रसभेचे. सामाजिक प्रश्न राजकीय व्यासपीठावर नको, हा तेथील जुना दंडक. शिंदे वर्षानुवर्षे पुढाऱ्यांच्या पाठीस लागले. अखेर १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात, अॅनी बेझंट अध्यक्ष असताना, अस्पृश्यांवरील निर्बंध दूर व्हावेत असा ठराव झाला. स्वराज्याच्या मागणीला अस्पृश्यांचा पाठिंबा दिसावा हाही पुढाऱ्यांचा हेतू त्यात होता, हे कबूल करावयास हवे. पण हेतू मिश्र असला म्हणून शिंद्यांचे श्रम उणे होत नाहीत.

पाठोपाठ २३ व २४ मार्च १९१८ रोजी मुंबईत अस्पृश्यता निवारणाची अखिल भारतीय परिषद भरली. तिचे सूत्रधार शिंदे आणि अध्यक्ष सयाजीराव महाराज. लोकमान्य टिळक आले, परमेश्वर अस्पृश्यता मानू लागला तर त्याला आपण परमेश्वर म्हणणार नाही अशा आशयाचे बोलले आणि सभा दुमदुमली. मात्र अस्पृश्यता व्यक्तिगत आचरणातून सोडण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. ही गोष्ट शिंद्यांच्या जिव्हारी लागली.

येथे आपण बडोदेकरांनी थोडे थांबले पाहिजे. ज्या महाराजांनी त्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले, त्यांच्याच राजधानीत केवळ सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना राहावयास जागा मिळाली नव्हती. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत. ज्या पारशी निवासात त्यांनी आश्रय घेतला तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कमाटीबागेतील ज्या वटवृक्षाखाली ते त्या दिवशी बसले, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून पूजिली जाते. सयाजीरावांच्या मोठेपणाविषयी शंका नाही. राजाचे मन आणि राजधानीचे मन यांत अंतर होते, एवढेच, आणि ते अंतर आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत होते.

बडोद्याचे हे दोन शिष्यवृत्तिधारक १९१९ च्या आरंभी एका प्रश्नावर आमनेसामने आले. नव्या सुधारणांत मताधिकार कोणाला द्यावा हे ठरविण्यासाठी साउथबरो समिती मुंबईस आली होती. अस्पृश्यांच्या प्रतिनिधींची निवड कायदेमंडळाच्या निर्वाचित सभासदांनी करावी, अशी सूचना मिशनच्या वतीने पुढे आली. मिशनची अडचण समजण्याजोगी होती. मतदानाला मालमत्तेची अट. अस्पृश्यांत ती पुरी करणारे मूठभर. सरळ निवडणुकीत त्यांचा एकही माणूस येण्याची आशा नाही. परंतु २७ जानेवारीला साक्षीस आलेल्या तरुण आंबेडकरांनी या सूचनेचे वाभाडे काढले. निवडणारे स्पृश्य असतील तर निवडलेला त्यांचाच मिंधा राहील. आम्हांला मताधिकार द्या, आमचे लोक आम्ही पाठवू, हा त्यांचा रोख होता. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि तीत मिशनच्या या भूमिकेचा ठरावाने निषेध झाला.

चौदा वर्षे ज्यांच्यासाठी झिजलो, त्यांनीच भर सभेत सांगावे की आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला. शिंद्यांचे काही चाहते आजही या ठरावाचा उल्लेख टाळतात, काही त्यात कृतघ्नता पाहतात. मला दोन्ही पटत नाही. प्रश्न रास्त होता. तो विचारण्याइतके शिकलेले, संघटित झालेले लोक त्या समाजात उभे राहिले, याचे थोडे श्रेय परळच्या त्या शाळेकडेही जाते. पण आपण उघडलेल्या शाळेतून आपल्यालाच उत्तर मागणारा निघावा हे सोसायला सोपे नसते. सुधारणांच्या कायद्यात अखेर ना मिशनची सूचना आली ना आंबेडकरांची. अस्पृश्यांसाठी आला तो सरकारनियुक्त सभासद. १९२७ पासून डॉ. आंबेडकर त्याच वाटेने मुंबई कायदेमंडळात बसले.

शिंदे स्वतः त्या सभागृहात कधीच पोहोचले नाहीत. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ते सहज निवडून येऊ शकले असते. जातवार जागा त्यांना मान्य नव्हत्या, म्हणून बहुजन पक्षाच्या नावाने त्यांनी पुण्याची सर्वसाधारण जागा लढविली आणि ते पडले. त्याच वर्षी पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. मुलांना सक्ती असावी, मुलींना तूर्त नसावी, असा एक पक्ष. शिंदे दुसऱ्या पक्षात. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने स्त्रियांची मिरवणूक निघाली, तिच्यामागे शिंद्यांची खटपट होती. बडोद्यात १९०६ मध्ये राज्यभर मुलामुलींना सक्तीचे शिक्षण सुरू झाले होते. पुण्यात चौदा वर्षांनंतर मुलींचे नाव घालण्यासाठी रस्त्यावर यावे लागले.

मिशनमध्येही संस्थेचा कारभार अस्पृश्य वर्गाच्या हाती असावा अशी मागणी वाढत गेली. १९२३ मध्ये शिंदे बाजूला झाले. सतरा वर्षांच्या कष्टांची संस्था सोडताना त्यांना यातना झाल्या नसतील असे नाही. पण खुर्चीला चिकटून राहण्याचा धर्म त्यांना ठाऊक नव्हता. १९२४ मध्ये ते मंगळूरच्या ब्राह्मसमाजाच्या कामाला गेले.

त्यानंतरची त्यांची मोठी वकिली शेतकऱ्यांची. शेतजमिनीचे लहान तुकडे पडू नयेत म्हणून मुंबई सरकारने विधेयक आणले. कागदावर ते शहाणपणाचे दिसे. लहान शेतकऱ्याच्या हातून जमीन जाईल हे त्यातले भय. जुलै १९२८ मध्ये पुण्यात शेतकऱ्यांची परिषद भरली तेव्हा अध्यक्ष शिंदे होते. बार्डोलीचा लढा त्याच वेळी आपल्या गुजरातेत ऐन भरात आला होता. ते विधेयक सरकारला पुढे सोडून द्यावे लागले. या वेळी ज्यांच्या वतीने ते बोलत होते ते शेतकरी स्वतःच समोर बसलेले होते, हा फरक त्यांच्या ध्यानी आला नसेल असे मला वाटत नाही. १९३० च्या कायदेभंगात ते तुरुंगात गेले. विभक्त मतदारसंघांना मात्र त्यांचा विरोध शेवटपर्यंत राहिला. त्या बाबतीत डॉ. आंबेडकरांशी त्यांचे कधी जुळले नाही, आणि आपले मत झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१९३३ मध्ये त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, तेव्हा तत्त्वज्ञान व समाजशास्त्र शाखेचे अध्यक्ष म्हणून ते पुन्हा या नगरीत आले. ज्या राज्याने विद्यार्थिदशेत हात दिला, तेथे साठी उलटल्यावर संशोधक म्हणून त्यांना मान मिळाला. सयाजीराव महाराज १९३९ मध्ये गेले. २ जानेवारी १९४४ रोजी शिंदेही गेले. समाजकार्य हा शिकून करावयाचा व्यवसाय आहे ही कल्पना तेव्हा कोठे मूळ धरीत होती. मुंबईत त्याची पहिली शाळा १९३६ मध्ये निघाली. येथे महाराजांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि हंसाबेन मेहता कुलगुरू असताना समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. त्या शाखेतील विद्यार्थी आपल्या ग्रंथालयात कधी आले, तर त्यांनी कपाटातून प्रथम शिंद्यांचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ काढावे आणि त्याच बैठकीत डॉ. आंबेडकरांची १९१९ ची साक्षही शेजारी उघडून ठेवावी.