सोने दाखविणारा हात

कॅलिफोर्नियात अमेरिकन नदीच्या दक्षिण शाखेकाठी कोलोमा नावाचे लहानसे गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर एका माणसाचा पुतळा उभा असून त्याचे बोट खाली नदीकाठच्या एका जागेकडे रोखलेले आहे. ज्या शोधामुळे सारे जग कॅलिफोर्नियाकडे धावले, तो शोध त्या जागी लागला. हा पुतळा जेम्स मार्शलचा. पुतळ्याखालीच त्याची कबर आहे.

मार्शलचा जन्म ८ ऑक्टोबर १८१० रोजी न्यू जर्सीत झाला. वडिलांकडून सुतारकाम शिकून तरुणपणीच तो पश्चिमेकडे निघाला आणि मजल दरमजल करीत १८४५ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचला. तेथे जॉन सटर या स्विस जमीनदाराची मोठी वसाहत होती. तिला लाकूड हवे होते. १८४७ मध्ये दोघांनी भागीदारीत करवतगिरणी उभारायचे ठरविले. पैसा सटरचा आणि मेहनत मार्शलची.

गिरणीच्या चाकावरून पडणारे पाणी वाहून नेणारा पाट पुरेसा खोल नव्हता. म्हणून रात्री पाणी सोडून गाळ वाहू द्यायचा आणि सकाळी तपासणी करायची, असा क्रम चालू होता. २४ जानेवारी १८४८ च्या सकाळी पाटात मार्शलला काही पिवळे कण चमकताना दिसले. त्याने एक कण दगडावर ठेवून ठोकला. तो फुटला नाही, चपटा झाला. गिरणीवर स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमर या बाईने साबणाच्या क्षारात दुसरा कण उकळून पाहिला. त्याचे तेज तसेच राहिले. चार दिवसांनी सटरने ॲसिड टाकून खात्री करून घेतली. ते सोनेच होते!

दोघांनी ही गोष्ट गुप्त ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु सोन्याची वार्ता कधी झाकून राहते काय? मे महिन्यात ती सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर ओरडून सांगितली गेली, डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पोक यांनी तिला दुजोरा दिला आणि १८५५ पर्यंत सुमारे तीन लाख माणसे कॅलिफोर्नियात आली. त्या पुरात प्रथम बुडाले ते तेथील मूळ रहिवासी. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली यांमुळे त्यांची संख्या अंदाजे दीड लाखावरून १८७० पर्यंत तीस हजारांवर आली.

मार्शलच्या हाती काय लागले? सटरने आणि त्याने स्थानिक आदिवासींकडून जमीन भाड्याने घेण्याचा करार केला होता. लष्करी गव्हर्नराने तो मानला नाही. मजूर सोने शोधायला पळाले आणि गिरणी बंद पडली. याला सोन्याचा ठाव दैवी शक्तीने कळतो, अशा समजुतीने लोक त्याच्या मागे फिरत, धमक्याही देत. पुढे त्याने द्राक्षमळा केला, तो काही वर्षे चालला. नंतर खाणीत घातलेला पैसा बुडाला.

१८७२ मध्ये राज्याने त्याला दरमहा दोनशे डॉलरचे निवृत्तिवेतन दिले. दोन वर्षांनी ते निम्मे झाले आणि १८७८ मध्ये बंदच पडले. तो दारूच्या आहारी गेला होता, हेही खरे. केल्सी गावी लोहारकाम करीत त्याने अखेरची वर्षे काढली. १० ऑगस्ट १८८५ रोजी तो एका लहानशा खोपटात वारला.

त्यानंतर दोनच वर्षांत राज्याला त्याची आठवण झाली! स्मारकासाठी पैसा मंजूर झाला आणि १८९० मध्ये पुतळा उभा राहिला. कॅलिफोर्नियातील हे पहिले सरकारी ऐतिहासिक स्मारक. जिवंत मार्शलला महिन्याचे शंभर डॉलर नाकारणाऱ्या राज्याने मेलेल्या मार्शलसाठी हजारो डॉलर खर्च केले.

दैव देते आणि कर्म नेते, असे आपण सहज म्हणून जातो. मार्शलच्या बाबतीत कर्माचा वाटा होताच, पण सारा दोष त्याच्या कर्माच्या माथी मारता येणार नाही. त्याच्याकडून नेणारे हात पुष्कळ होते. त्यात गर्दी होती, कायदा होता आणि विसराळू सरकारही होते. पुतळ्याचे बोट सोन्याच्या जागेकडे दाखविते. पाहणाऱ्याने मात्र त्या बोटामागच्या रिकाम्या मुठीकडेही क्षणभर पाहावे.