भास्कराचार्य

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलविड नावाच्या नगरात भास्कराचार्य हे थोर गणिती राहत होते. आपले प्राचीन ग्रंथकार स्वतःविषयी बहुधा मौन पाळीत. भास्कराचार्यांनी मात्र आपले नगर, आपले पिता महेश्वर यांचे नाव आणि दोन आकडे ग्रंथात नमूद करून ठेवले. आपला जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण 'सिद्धान्तशिरोमणी' रचला, एवढेच त्यांनी सांगितले. पण तेवढे पुरेसे आहे. १०३६ मध्ये ३६ मिळवले की ग्रंथरचनेचा शक १०७२ मिळतो आणि त्यात ७८ मिळवले की इसवी सन ११५० येतो. याउलट, विज्जलविड म्हणजे आजचे कोणते गाव, हे केवळ सह्याद्रीच्या खुणेवरून ठरत नाही. म्हणून विद्वानांत त्याविषयी मतभेद आहेत.

महेश्वर हे स्वतः विद्वान ज्योतिषी होते. पुत्राला विद्या मिळाली ती त्यांच्याच चरणांशी. 'सिद्धान्तशिरोमणी'चे चार भाग आहेत. त्यांपैकी 'लीलावती' हा अंकगणिताचा भाग सर्वांत लोकप्रिय झाला. त्यात रूक्ष नियमांबरोबर भुंगे, हंस, मोर, व्यापारी आणि राजे भेटतात. त्यामुळे शिकणाऱ्याला गणिताची गोडी लागते.

या ग्रंथात श्रेढीचे एक प्रकरण आहे. ठरावीक अंतराने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या मालिकेला आपण आज अंकगणिती श्रेढी म्हणतो. तिच्या पहिल्या संख्येला भास्कराचार्य आदी म्हणतात, वाढीला चय, संख्या किती आहेत त्याला गच्छ आणि सर्वांच्या बेरजेला सर्वधन.

त्यांचे एक उदाहरण पाहा. एका दात्याने पहिल्या दिवशी तीन द्रम्म दान केले आणि पुढे रोज दोन द्रम्म वाढवून दिले. एकूण ३६० द्रम्म वाटले गेले, तर दिवस किती लागले? उत्तर आहे अठरा. पडताळा पाहू. अठराव्या दिवशी ३७ द्रम्म दिले गेले. पहिल्या व शेवटच्या दिवसाची सरासरी २० आणि २० गुणिले १८ म्हणजे ३६०.

आता रोजची वाढ सांगितलीच नाही, असे समजा. पहिल्या दिवसाचे तीन आणि एकूण ३६० एवढेच ठाऊक आहे. मग अठरा हे उत्तर सांगता येईल काय? रोज तीन द्रम्म वाढवणारा दुसरा दाता पंधराव्या दिवशी ४५ द्रम्म देईल. त्याची सरासरी २४ आणि २४ गुणिले १५ म्हणजेही ३६०! दोन्ही उत्तरे माहितीशी जुळतात. म्हणून त्यांपैकी एकही निश्चित म्हणता येत नाही. येथे दोष आकडेमोडीचा नाही, माहितीच अपुरी आहे.

वाढत्या श्रेढीत आदी, चय, गच्छ आणि सर्वधन या चारांपैकी तीन ठाऊक असले की चौथे निश्चित होते. भास्कराचार्यांनी चारही प्रकारची उदाहरणे दिली आहेत. एका ठिकाणी सर्वधन विचारले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी आदी. शत्रूवर चालून जाणारा एक राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालतो आणि सात दिवसांत ८० योजने गाठतो. तेथे चय शोधावयाचा आहे.

'लीलावती' या नावाविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले होते. तिच्या अंगावरचा एक मोती त्यात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. दुःखी कन्येचे नाव अमर व्हावे म्हणून पित्याने हा ग्रंथ लिहिला, असे म्हणतात. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, त्यात ही कथा आली आहे. कथा मनाला चटका लावते, पण ती खरी मानण्यास आधार पुरेसा आहे काय? ग्रंथात एखाद्या बालिकेला उद्देशून प्रश्न विचारले आहेत हे खरे. परंतु तेथे मित्रालाही हाक आहे, व्यापाऱ्यालाही आहे आणि श्रेढीच्याच एका उदाहरणात पुत्रालाही आहे. म्हणून ही कथा आवडीने ऐकावी, पण इतिहास म्हणून सांगू नये.

भास्कराचार्यांचे अध्ययन वार्धक्यातही थांबले नाही. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ रचला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. त्या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाची नोंद तेथील शिलालेखात आहे. त्याच लेखातून या घराण्याच्या अनेक पिढ्यांची नावे आपल्याला कळतात.

मुलांनो, उदाहरण समोर आले की आपण घाईने पेन्सिल उचलतो. त्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आपल्याला काय दिले आहे, ते पुरेसे आहे काय, हे स्वतःला विचारावे. ते अपुरे असेल, तर तसे निर्भयपणे सांगणे हेही त्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.