स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे नाव: जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, इ.स. १८८३:डभोई, गुजरात - १८ एप्रिल, इ.स. १९६६) हे योगाचे अभ्यासक, संशोधक व शिक्षक होते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोणावळा येथे त्यांनी इ.स. १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

इ.स. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण बडोद्यात झाले. तेथील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षण घेतले. लोकमान्य टिळक व अरविंद घोष यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. पुढे त्यांनी अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केले. इ.स. १९१९ मध्ये बडोद्याजवळील मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली.

क्ष-किरण प्रयोग

इ.स. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्यातील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने योगक्रियांची तपासणी केली. बस्ती या क्रियेत साधक गुदद्वारावाटे पाणी आत ओढून मोठे आतडे धुतो. हे पाणी आत कसे जाते, हा प्रश्न होता. नौलीत पोटाचे उभे स्नायू आकुंचित करून पुढे काढले असता आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे या प्रयोगांतून दिसून आले. या स्थितीला त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास निर्वात असे नाव दिले. उड्डियान व नौलीच्या वेळी आतड्यातील द्रव्याची जागा कशी बदलते, हे क्ष-किरणांनी तपासून त्याचे वृत्तान्त त्यांनी इ.स. १९२४ मध्ये सुरू केलेल्या योगमीमांसा या इंग्रजी त्रैमासिकात प्रसिद्ध केले.

किरणमात्रेचा प्रश्न

या प्रयोगांच्या काळी किरणमात्रेचे सर्वमान्य एकक ठरलेले नव्हते. त्वचा लाल होणे हेच बहुधा माप मानले जाई. राँटजेन हे एकक स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत इ.स. १९२८ मध्ये स्वीकारण्यात आले. त्यामुळे अशा प्रतिमांवरून अवयवाची जागा सांगता येई, पण शरीराने किती किरण शोषले हे आजच्या अर्थाने सांगता येत नसे. आज शोषित मात्रा ग्रे या एककात मोजतात. मुलांच्या बाबतीत हा अंदाज विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि दुष्परिणाम उमटण्यास पुढे दीर्घ आयुष्य असते. सीटी स्कॅन यंत्रावर दिसणारा आकडा १६ किंवा ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्रमाणित नळकांड्यासाठी असतो. प्रत्यक्ष मुलाला मिळालेली मात्रा काढताना त्यात शरीराच्या आकारमानानुसार दुरुस्ती करावी लागते.

शैक्षणिक कार्य व निधन

मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर कुवलयानंदांनी काम केले. सामूहिक योगशिक्षणासाठी त्यांनी यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक लिहिले; आसने व प्राणायाम यांवरील त्यांचे ग्रंथही प्रसिद्ध आहेत. इ.स. १९५१ मध्ये लोणावळ्यात त्यांनी योगाचे महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या निधनानंतर कैवल्यधामची धुरा स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. योगाचे अध्यापन, उपचार व प्रायोगिक संशोधन ही कामे संस्थेत पुढेही चालू राहिली.