सव्वीस जानेवारी आणि मौलाना हसरत मोहानी

दरवर्षी झेंडावंदन झालं की आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो. राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 ला मंजूर झाली, मग ती पूर्णपणे लागू व्हायला 26 जानेवारीच का? एखादं हुशार पोर लाहोरचं नाव घेतं. बरोबर आहे. डिसेंबर 1929 मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि 26 जानेवारी 1930 हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला. पण हीच मागणी आठ वर्षं आधी फेटाळली गेली होती, हे मात्र वर्गात कुणाला माहीत नसतं.

ती मांडणारे होते मौलाना हसरत मोहानी. मूळ नाव सय्यद फजलुल हसन, उन्नाव जिल्ह्यातल्या मोहानचे. अलीगढला शिकले. चांगली नोकरी मिळाली असती, पण त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढलं. राजकारणात ते लोकमान्य टिळकांना मानत. 1907 साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा टिळकांच्या बाजूनं उभे राहिले. पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा लेख छापला. लेखकाचं नाव सांगितलं नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात गेले. तिथं चक्की पिसली. दंडापायी घरची पुस्तकं कवडीमोलानं विकली गेली. वाचणाऱ्या माणसाला याहून मोठी सजा कोणती असेल, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

मग डिसेंबर 1921, अहमदाबादचं काँग्रेस अधिवेशन. मौलानांनी ठराव मांडला की स्वराज्य म्हणजे परकीय सत्तेपासून पूर्ण मुक्ती, त्यात अर्धंमुर्धं काही नको. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. मौलाना मागे हटले नाहीत, उलट राजद्रोहाच्या खटल्यात पुन्हा आत गेले. भगतसिंगांनी घराघरांत पोहोचवलेल्या इन्किलाब झिंदाबाद या घोषणेचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं.

माणूस मात्र एका चौकटीत बसणारा नव्हता. पाच वक्ती नमाजी, अनेकदा हज केलेले, आणि 1925 च्या कानपूरच्या कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्षही तेच! कृष्णावर कविता केल्या, मथुरेला जात राहिले. 'निकाह' सिनेमात गुलाम अलींनी गायलेली ती प्रसिद्ध गझल त्यांचीच. लोक गझल गुणगुणतात, शायर कोण ते विचारत नाहीत.

मुस्लिम लीगमध्ये होते, तरी फाळणी झाल्यावर भारतातच राहिले. संविधान सभेत सभासद म्हणून बसले आणि तिथंही हुज्जत घालत राहिले. 1949 मध्ये भारतानं राष्ट्रकुलात राहायचं ठरलं, तेव्हा त्यांनी विरोध केला. 1921 ची तीच जिद्द! अखेर तयार झालेल्या घटनेवर त्यांनी सही केली नाही.

लाहोरच्या ठरावामुळं निवडलेल्या त्या तारखेला देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा मौलाना हयात होते. पुढच्या वर्षीची सव्वीस जानेवारीही त्यांनी पाहिली. 13 मे 1951 रोजी लखनौत त्यांचा इंतकाल झाला.