अपुरे गुण आणि आनंदीबाई

माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टर व्हायचे आहे. भालकीला दहावीपर्यंत ती मराठीतून शिकली, पी.यू.सी.ला एकदम इंग्रजी आले. यंदा 'नीट'मध्ये गुण कमी पडले आणि सरकारी जागा हुकली. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, वैद्यकातले मला काय कळणार! पण शाळेत वाचलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मला आठवले.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहाच दिवसांत दगावला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा ध्यास जन्मला. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. त्यांनीच पत्नीला शिकवले. बदलीमागून बदली होत गेली. सलग शाळा अशी त्यांना लाभलीच नाही.

१८८३ साली त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी अर्ज केला. अर्जात त्यांनी आपली उणीव झाकली नाही. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपल्याकडून पुऱ्या होणार नाहीत, हे त्यांनी मान्य केले. जेवढे शिकल्या होत्या तेवढेच लिहिले. पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांसाठी शिकायचे आहे, हेही सांगितले. प्रवेश मिळाला.

परंतु प्रवेश म्हणजे पदवी नव्हे. परका देश, कडाक्याची थंडी, ढासळती प्रकृती यांना तोंड देत त्यांनी अभ्यास पुरा केला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले होते. पण क्षयाने ते सांभाळण्याची संधीच दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

मित्रहो, आज असा अर्ज लिहून प्रवेश मिळत नाही. यादी गुणांवरच लागते. बहिणीला मी खोटी आशा दाखवली नाही. फक्त म्हणालो, काय येते आणि काय येत नाही, ते आनंदीबाईंसारखे खरे खरे लिहून काढ. तिने वही घेतली. 'येत नाही'च्या रकान्यात पहिला शब्द लिहिला, भौतिकशास्त्र. त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता.